शेवटची गाडी नेमकी कोणती? : पूर्णा-हिंगोली मार्गाच्या आठवणी वाचताना



आज एका लेखनप्रकाराबद्दल बोलायचं आहे. समीक्षेत त्याला वेगळं नाव नाही, पण तो आपण सगळ्यांनी वाचलाय. दिवाळी अंकात, रविवारच्या पुरवणीत, शाळेच्या स्मरणिकेत, निवृत्तीच्या समारंभातल्या भाषणात तो भेटतो. लांबून शिट्टी ऐकू येते, फलाटावर धावपळ उडते, खिडकीबाहेर डोकं काढलं की डोळ्यात कोळशाचा कण जातो, आई पदराच्या टोकानं तो काढते, आणि शेवटच्या परिच्छेदात कोळशाची गाडी कायमची निघून जाते. वसमत, हिंगोली, वाशीम, अकोला या पट्ट्यातल्या माणसांनी असं पुष्कळ लिहिलंय आणि त्याहून जास्त सांगितलंय. आम्ही हे लेखन आवडीनं वाचतो. पुढे त्यावर टीका करणार आहोत, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की ही आठवण प्रवाशाची आहे. खिडकीतून जे दिसलं तेवढं तिच्यात येतं. त्यामुळे तीन प्रश्न तिच्यातून निसटतात. शेवटची गाडी म्हणजे नेमकी कोणती? इंजिनावर कोण होतं? आणि हा शेवट मागितला कोणी? या क्रमानंच जाऊ या. पण त्याआधी मार्गाचा इतिहास थोडक्यात पाहावा लागेल, कारण आठवणलेखांत तो क्वचितच येतो.

मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी मीटर गेज लाईन निजामाच्या राज्यात १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाली. तिच्यावरच्या पूर्णा स्टेशनातून हिंगोलीला फाटा निघाला तो १९१२ मध्ये. साधारण ऐंशी किलोमीटरचा हा फाटा हिंगोलीत येऊन थांबला. हिंगोली म्हणजे हैदराबाद कंटिन्जंटची जुनी छावणी आणि कापसाची बाजारपेठ. त्यापुढे वाशीम, म्हणजे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. सीमेजवळच्या गावाचं आणि स्टेशनचं नाव आजही कन्हेरगाव नाका आहे. निजामाच्या राज्यात करोडगिरी, म्हणजे जकात, वसूल व्हायची. त्या जमान्याची आठवण हा 'नाका' करून देतो. स्टेशनच्या पाटीवर अजूनही 'हिंगोली डेक्कन' असंच लिहिलेलं आहे, 'हैदराबाद डेक्कन'सारखं.

तर जवळपास पन्नास वर्षं हिंगोली हे रेल्वेचं शेवटचं टोक होतं. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांच्या काळात हिंगोलीपासून वाशीम, अकोला, अकोट करत खंडव्यापर्यंतचा दुवा बांधला गेला आणि १९६०च्या सुमारास तो पूर्ण झाला. खंडव्याच्या पलीकडे इंदूर, रतलाम, अजमेर अशी मीटर गेज आधीच होती. तिचा इंदूरचा भाग होळकरांनी इंग्रज सरकारला दिलेल्या कर्जातून झालेला. म्हणजे एका फाट्याच्या टोकाला बसलेलं हिंगोली एकाएकी उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातल्या मीटर गेजला जोडणाऱ्या रस्त्यावर आलं. जयपूरची मीनाक्षी एक्स्प्रेस या गावावरून जायला लागली. ज्या गाड्यांबद्दल लोक हळवे होऊन लिहितात, त्यांतल्या बऱ्याचशा या दुव्याच्या काळातल्या आहेत. पण 'आमच्या गावावरून जयपूरला थेट जाता यायचं' हे वाक्य आठवणीत एखाददुसऱ्या ओळीपुरतं येतं, आणि धुराला मात्र दोन परिच्छेद मिळतात.

आता पहिला प्रश्न. शेवटची गाडी कोणती?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेनं मुख्य मार्गांवरच्या वाफेला निरोप देणारी खास गाडी सोडली. तिचं तिकीट पंधरा गिनींचं होतं, आणि गाडीला नावही तेच पडलं. तारीख ठरलेली, तिकीट महाग, रुळांच्या कडेला माणसांची गर्दी. आपल्याकडे वाफ अशी गेली नाही. चित्तरंजनच्या कारखान्यानं ब्रॉड गेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० मध्ये बाहेर काढलं आणि त्याला 'अंतिम सितारा' असं नाव दिलं. मीटर गेजचं शेवटचं इंजिन १९७२ मध्ये निघालं. पण इंजिनं बांधणं थांबलं म्हणून धावणं थांबलं नाही. ब्रॉड गेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी पंजाबात जालंधर-फिरोजपूर मार्गावर ६ डिसेंबर १९९५ला धावली. म्हणजे 'अंतिम' हा शब्द वापरल्यानंतर पंचवीस वर्षं!

या पंचवीस वर्षांत वाफ सावकाश मागे सरकत होती. आधी एक्स्प्रेस डिझेलवर जाते, मग मालगाड्या जातात. पॅसेंजर मागे राहते आणि सगळ्यात शेवटी यार्डातलं शंटिंग उरतं. गावातल्या माणसाला त्या दिवशी कळत नाही की आज वाफ संपली. उद्या पुन्हा काळं इंजिन येईल असंच त्याला वाटत असतं. एक दिवस ते येत नाही, आणि मग महिनाभरानं कोणीतरी चहाच्या टपरीवर विचारतं, 'अरे, ते कोळशाचं दिसत नाही हल्ली?'

आणि तरी आपल्या आठवणींत निरोपाचा सोहळा असतो. हार घातलेलं इंजिन, नारळ, बँड, रडणारी म्हातारी माणसं. हा सोहळा खोटा नाही. पण तो बहुतेक वेळा वाफेच्या गाडीचा नसतो, मीटर गेज बंद होतानाचा असतो. पूर्णा-हिंगोली-अकोला मार्गावर ब्रॉड गेजची गाडी आली २००८ मध्ये. त्याआधी इथली मीटर गेज थांबली तेव्हा तिच्या पुढे डिझेल होतं. म्हणजे वाफेचा शेवट आधीच झाला होता, गुपचूप. लोकांनी हार घातले ते दुसऱ्या शेवटाला.

आणि तिसरा शेवट अजून वेगळा आहे. अकोल्याच्या पुढची खंडव्यापर्यंतची मीटर गेज २०१७च्या आरंभी बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉड गेज २०२२ मध्ये सुरू झाली. त्यापुढचा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. याच मार्गावर धूळघाटला रूळ गोल वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडतात. जुनी लाईन रुंद करायची की जंगलाला वळसा घालून, गावं असलेल्या भागातून नवा रस्ता काढायचा, या वादात हा तुकडा अडकला. वाघांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. पण हिंगोलीच्या दृष्टीनं काय घडलं तेही पाहायला हवं. उत्तरेचा जो सरळ रस्ता १९६०च्या सुमारास मिळाला होता तो तुटला. धूर गेल्याची हळहळ आपण लिहून ठेवली. रस्ता तुटल्याची हळहळ असलेला आठवणलेख आम्हाला अजून भेटायचाय.

तर 'शेवटची गाडी' या दोन शब्दांत तीन वेगळे शेवट आहेत. इंजिन बदललं, रूळ बदलले, आणि वाट तुटली. आठवण तिघांना एकत्र करते आणि तिघांचं दुःख धुराच्या नावावर लिहिते. कारण उघड आहे. धूर दिसतो. गेज दिसत नाही. एक हजार मिलिमीटर आणि सोळाशे शहात्तर मिलिमीटर यांतला फरक कोणाच्या डोळ्यात कण होऊन जात नाही.

आता दुसरा प्रश्न, इंजिनावर कोण होतं?

मराठी मनावर आगगाडीचं जे चित्र कोरलं गेलंय त्यात गदिमांच्या बालगीताचा मोठा वाटा आहे. मामाच्या गावाला नेणारी ती गाडी. गाणं सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात पाहणारा कोण आहे? सुट्टीला निघालेलं मूल. त्याला कोळसा टाकायचा नाही, वेळापत्रक सांभाळायचं नाही, तिकिटाचे पैसेही द्यायचे नाहीत. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'तही तेच. १९५५चा सिनेमा. दोन मुलं पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून धावत जातात आणि लांबून गाडी पाहतात. जगातल्या सिनेमातलं एक थोर दृश्य. पण तिथेही गाडी आत जाऊन पाहायची वस्तू नाही, क्षितिजावरून जाणारी आहे. बालपण आणि वाफ यांची अशी गाठ पडली, की पुढे प्रत्येकानं आपल्या बालपणाबद्दल लिहिताना वाफेबद्दल लिहिलं आणि वाफेबद्दल लिहिताना बालपणाबद्दल.

याच्या उलट बाजूला एमिल झोलाची १८९०ची कादंबरी ठेवून पाहा, 'ला बेत युमेन'. तिचा नायक इंजिन ड्रायव्हर आहे, आणि त्याच्या इंजिनाला नाव आहे, लिझोन. ड्रायव्हर आणि फायरमन यांचं नातं, थंडी, बर्फ, पेंग, दारू, मत्सर, सगळं तिच्यात इंजिनावर उभं राहून पाहिलेलं आहे. झोला पोटतिडकीनं लिहितो म्हणून ती मोठी आहे असं नाही. पाहण्याची जागा बदलली की यंत्र वेगळं दिसतं, हे तिनं दाखवलं म्हणून ती आपल्या कामाची आहे.

आपल्या मार्गावर अशी जागा होती. पूर्णा. हे रेल्वेचंच गाव. मीटर गेजच्या काळात तिथे लोको शेड होतं. निजामाच्या रेल्वेपासून मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एकाच क्वार्टर्सच्या ओळीत राहत आलेली. वाफेच्या नोकरीची शिडी ठरलेली असे. आधी क्लीनर, मग फायरमन, मग शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, मग पॅसेंजरचा, आणि नशीब असलं तर मेलचा. वीस-पंचवीस वर्षं निघून जायची. रात्री-बेरात्री कॉलमन दारावर थाप मारायचा, नाव पुकारायचा, वहीत सही घ्यायचा. थंड इंजिन पेटवून वाफ धरायला काही तास लागत, म्हणजे गाडी सुटायच्या कितीतरी आधी शेडमध्ये कोणीतरी भट्टीपाशी उभं असायचं. राख काढायच्या खड्ड्यात कोणीतरी उतरायचं. बॉयलर धुवायला कोणीतरी असायचं.

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. त्यात भट्टीचं दार उघडून फावड्यानं कोळसा टाकायचा, तोही नुसता ओतायचा नाही, पसरायचा. कुठे आग पातळ झाली ते ज्वाळेच्या रंगावरून ओळखायचं. चढण यायच्या आधी वाफ तयार ठेवायची. प्रवाशाला जी झुकझुक ऐकू यायची ती या माणसाच्या पाठीतून निघत होती. १९७३ मध्ये देशभरच्या लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी संप केला, त्याची मुख्य मागणी काय होती माहीत आहे? सलग ड्युटी दहा तासांच्या वर नको. दहा तास! म्हणजे त्याआधी किती असेल याचा विचार करा. पुढच्याच वर्षी मे १९७४चा मोठा रेल्वे संप झाला. आपले आठवणलेख याच वर्षांबद्दल आहेत. गाडी दोन तास लेट आली आणि आम्ही फलाटावर चिंचोके खेळलो, असं त्यांत असतं. गाडीवरचा माणूस तेव्हा कितव्या तासाला होता, ते नसतं.

मग डिझेल आलं. फायरमनचं पद 'डिझेल असिस्टंट' झालं. या माणसासाठी शेवटची वाफेची गाडी म्हणजे काय होती? कदाचित सुटका. कपडे काळे होणार नाहीत, छाती भरून येणार नाही. आणि कदाचित अपमानही, कारण ज्वाळेचा रंग वाचायची जी विद्या तो वीस वर्षं शिकला ती एका दिवसात निकामी झाली. सुटका आणि अपमान एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतात. आमच्या मते या विषयावरचं खरं लेखन इथून सुरू होईल. आज ते जवळजवळ नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि तो थोडा अडचणीचा आहे. हा शेवट मागितला कोणी?

आठवणलेखांचा सूर असा असतो, की कोणीतरी दूरच्या माणसानं आपली गाडी काढून नेली. 'विकासाच्या रेट्यात' वगैरे. पण मराठवाड्याच्या बाबतीत हे बसत नाही. इथे मीटर गेज म्हणजे मागासलेपणाची खूण मानली जात होती, आणि त्यात तथ्य होतं. मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदला. माल पाठवायचा तर मनमाडला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवा. गेज बदललं की पोती उतरली, पोती चढली, हमाली वाढली, दिवस वाढले. मराठवाड्याच्या विकासाच्या चळवळीत रुंदीकरण ही सततची मागणी होती. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या, हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेल्या नेत्यांनी ती लावून धरली. निवेदनं, परिषदा, आंदोलनं, सगळं झालं. नव्वदच्या दशकात मनमाड-औरंगाबाद रुंद झालं, मग पुढचं, आणि हिंगोलीची पाळी आली २००८ला.

म्हणजे पाहा, ज्या घरात आजोबांनी रुंदीकरणाच्या मोर्चात घोषणा दिल्या त्याच घरात नातू जुन्या गाडीवर हळवी पोस्ट लिहितो. यात नातू खोटारडा आहे असं आम्ही म्हणत नाही. पण आजोबांचा मोर्चा त्या पोस्टमध्ये का नाही, हे विचारायला हवं. मोर्चा घातला तर हळवेपणा कमी होईल अशी भीती वाटते की काय? आमचा अनुभव उलटा आहे. आपण स्वतः मागून घेतलेल्या गोष्टीची किंमत नंतर कळणं, यातलं दुःख जास्त खोल आहे. जे कोणी हिसकावून नेलं त्याच्यावर नुसतं रडता येतं. जे आपण मागितलं आणि मिळालं, त्याचा हिशेब मांडावा लागतो. मुंबईला सरळ गाडी मिळाली, ते चांगलं झालं. जयपूरचा सरळ रस्ता गेला, ते वाईट झालं. पूर्णेच्या शेडचं काम गेलं. हे तिन्ही एकाच वहीत लिहायचं.

इथे कोणी म्हणेल, 'अहो, आठवण म्हणजे काय चौकशी आयोगाचा अहवाल आहे का? माणसानं दोन अश्रू ढाळले तर तुम्ही लगेच गेज आणि ड्युटीचे तास काढता.' रास्त आक्षेप आहे. आठवण निवडते, सजवते, हा तिचा स्वभावच आहे. अमेरिकेत विन्स्टन लिंक नावाचा छायाचित्रकार होऊन गेला. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवरची शेवटची वाफेची इंजिनं त्यानं १९५५ ते १९६० या काळात रात्रीच्या वेळी टिपली. त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो १९५६चा आहे. मोकळ्या मैदानातला सिनेमा, पुढे मोटारीत बसलेलं जोडपं, पडद्यावर विमान आणि मागून धूर सोडत जाणारी गाडी. पण फ्लॅशच्या उजेडात पडद्यावरचं चित्र उडून गेलं होतं, ते विमान त्यानं नंतर फोटोत बसवलं. जोडपंही त्यानंच बसवलेलं. तरी त्या फोटोला कोणी खोटं म्हणत नाही. कारण लिंकनं सजावट केली ती त्या रेल्वेवरची आणि तिच्या काठची माणसं दाखवण्यासाठी. त्याच्या फोटोंत सिग्नलवाले आहेत, शेडमधले कामगार आहेत, रुळांशेजारच्या घरातली कुटुंबं आहेत. सजावटीला आमची हरकत नाहीच. सजवताना कोणाला फ्रेमबाहेर ठेवलं, एवढाच समीक्षेचा प्रश्न आहे.

भाषेचंच उदाहरण घ्या. 'आगगाडी' हा शब्द आपण अजून वापरतो. गाडीतली आग जाऊन कितीतरी वर्षं झाली, शब्दात ती शिल्लक आहे. शब्दानं आग लक्षात ठेवली. आग लावणाऱ्याचं नाव मात्र मराठीत रुजलंच नाही, तो 'फायरमन'च राहिला. पाहणाऱ्यांनी वस्तूला मराठी नाव दिलं आणि काम करणाऱ्याला रेल्वेच्या रजिस्टरातल्या नावानं सोडून दिलं. आम्हाला यात आपल्या आठवणलेखांची सगळी गोष्ट दिसते.

मग करायचं काय? समीक्षकानं नुसती उणीव दाखवून उठू नये. हेमा राईरकर आणि गी पॉईटव्हिन यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जाती बंद पडत होती, त्यांवर गाणाऱ्या म्हाताऱ्या होत होत्या, आणि त्यांचं म्हणणं साहित्य आहे असं फार कोणाला वाटत नव्हतं. वाफेच्या इंजिनावर काम केलेल्यांची गोष्ट आज नेमकी तिथे आहे. ऐंशीच्या दशकात विशीत क्लीनर म्हणून लागलेला माणूस आज साठीच्या पुढे आहे. ड्रायव्हर झालेले त्याहून थकलेले. पूर्णा, हिंगोली, अकोला इथल्या महाविद्यालयांत मराठीचे आणि इतिहासाचे विभाग आहेत. विद्यार्थ्यांच्या हातात फोन आहेत. चार प्रश्न पुरे आहेत. रात्रीची थाप आली की घरात काय व्हायचं? आग कशी ओळखायचात? डिझेलवर गेलात त्या दिवशी घरी येऊन काय बोललात? आणि रुंदीकरणाच्या मोर्चात होतात का? घरच्या बाईलाही विचारा. काळे कपडे धुणारी, अवेळी डबा भरणारी ती होती, आणि कोळशाच्या गाडीवरचं तिचं मत फार हळवं निघेल असं आम्हाला वाटत नाही.

ही उत्तरं मिळाली म्हणजे मुलाच्या डोळ्यातला कोळशाचा कण आणि आईचा पदर लिहायचं थांबवायचं, असं नाही. ते राहू द्या. फक्त तो कण ज्या फावड्यावरून उडाला, ते फावडं धरणाऱ्या हाताचंही चार ओळींत नाव असू द्या.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरात पूर्णेच्या शेडवर काम केलेलं माणूस असेल, तर त्यांनी आम्हाला प्रश्न विचारण्याआधी घरी जाऊन त्या माणसाला विचारावेत.